कामाकुराला भरलेली ओटी

मी जपानात जाऊन एका बाईची ओटी मेलेल्या मुलांसमोर भरली. चुकून, पण अगदी हौसेनं भरली. चार बायका गोळा करून, हळदकुंकू लावून भरली आणि वर "पुढच्या वर्षी पेढे हवेत हं" असंही म्हणाले. माझी नात हल्ली विचारते, "आज्जी, व्हॉट इज ओटी?" तिला मी तांदूळ, खोबरं, खण एवढंच सांगते आणि टीव्हीचा आवाज वाढवते.

तेव्हा मी नुकती आजी झाले होते. पन्नाशी ओलांडलेल्या, नुकत्याच आजी झालेल्या बाईइतकं शहाणं जगात कुणी नसतं. सुनेनं पाणी किती कोमट करावं इथपासून देवानं कुणाला काय द्यावं इथपर्यंत सगळं मला ठाऊक होतं. आज त्या बाईला भेटले तर आधी तिच्या हातातलं कुंकवाचा करंडा काढून घेईन.

जिची ओटी भरली ती कुंदा. मूळची दापोलीकडची. बहरीनला आम्ही नईममध्ये राहायचो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कोल्ड स्टोअर होतं, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. त्याच्या वरच्या दोन खोल्यांत कुंदा आणि तिचा नवरा वसंत. वसंत बंदरात क्रेन चालवायचा. पुढच्या खोलीत कुंदाचं शिलाई मशीन, त्याच्याभोवती शाळेच्या युनिफॉर्मचे आणि ब्लाउजच्या कापडांचे ढीग, आणि ढिगांमध्ये पाहुण्यासाठी एकच स्टूल. त्यावरही बहुतेक वेळा कात्री बसलेली असायची.

कुंदा काही फार मोठी शिवणकर्ती नव्हती, हे आधीच सांगते. तिचे ब्लाउज काखेत घट्ट व्हायचे. सगळ्यांचे व्हायचे. पण आमच्या गल्लीत मराठी बोलत ब्लाउज शिवणारी दुसरी कुणी नव्हती, त्यामुळे आम्ही सगळ्या हात जरा उचलून चालायचो. मी पहिल्यांदा तक्रार घेऊन गेले तेव्हा तोंडात टाचण्या धरून तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ब्लाउज बरोबर आहे, वहिनी. माप दिल्यावर तुम्ही जेवलात."

"अगं, मग शिवणीत थोडं कापड सोडायचं असतं."

"सोडलेलं. तेही खाल्लंत."

मी सांगलीची. आमच्याकडे शिंपी घरी येऊन मापं घ्यायचा, हे मी तिला तेव्हा तोऱ्यात सुनावलं. टाचण्या न काढताच ती म्हणाली, "मग बोलवा त्याला. व्हिसा काढा."

असं बोलणं. फार थोडं, आणि तेही दातांतून. दोरा दातानं तोडला की "खलास" म्हणायची. ते कपड्याबद्दल असायचं तसंच विषयाबद्दलही असायचं. त्यानंतर कुणी कितीही चुचकारलं तरी ती बोलायची नाही. आणि कुठे बोलावलं की एकच उत्तर, "गॅसवर भात आहे." हळदीकुंकवाला या, भात आहे. गणपतीला आरतीला या, भात आहे. गणपतीच्या मखराचे पडदे तीच शिवायची, पण दाराशी पिशवी ठेवून जिना उतरायची. बायका म्हणायच्या, शिष्ट आहे. मी त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं म्हणायचे.

एका गोष्टीत मात्र ती कधी चुकली नाही. आमच्या ओळखीत कुणाच्या घरी मूल जन्मलं की बाराव्या दिवसाच्या आत झबलं आणि टोपडं हजर. मऊ, धुऊन घेतलेलं मलमल, शिवण सगळी बाहेरच्या अंगाला, बाळाला टोचू नये म्हणून. ब्लाउजमध्ये जे तिला कधी साधलं नाही ते त्या वीतभर कपड्यात साधायचं. पण बारशाला ती यायची नाही. कपडे कुणाच्या तरी हाती पाठवायची.

माझ्या पहिल्या नातवाचं बारसं नईमपासून लांब, सनदला आमच्या नव्या घरी झालं. त्या दिवशी कपडे आणायला कुणी मिळालं नाही म्हणून ती स्वतः आली, आणि खाली गेटपाशीच थांबली. बहरीनचं भर ऑगस्टचं ऊन. मी ओढत्या शालूनिशी खाली गेले.

"अगं वर ये. पाळण्याची दोरी तरी ओढ एकदा."

"नको. गॅसवर भात आहे."

"नईमहून सनदपर्यंत गॅस चालू ठेवून आलीस?"

"हो," असं म्हणून तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. वसंतची पिकअप वळणाशी उभी होती.

मी वर आले आणि तोंडात लाडू असताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मूल नाही ना बिचारीला. जीव जळतो हो दुसऱ्यांची बघून." लाडू चांगला झाला होता, हेही मला आठवतं. माणसाला नको ते आठवतं.

पुढच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका ट्रॅव्हल एजंटानं जपानची सहल काढली, फक्त बायकांची. नवऱ्यांना मागे ठेवून आठ बायका निघणार याचंच आम्हाला इतकं अप्रूप होतं की जपानात काय बघायचं हे कुणी विचारलंही नाही. एजंटानं दिलेल्या रंगीत पत्रकात कामाकुरा गावाचं एक पान होतं. टोकियोहून दिवसाभराची फेरी, समुद्राकाठची जुनी देवळं, सोबत गाइड. फोटोत टेकडीच्या उतारावर दगडी बाळांच्या रांगाच्या रांगा होत्या. वीतभर उंच, डोळे मिटलेली, गळ्यात लाल लाळेरी, काहींच्या डोक्यावर विणलेली टोपडी.

फोटो पाहिला आणि मला सगळं कळलं. आपल्याकडे मूल व्हावं म्हणून बायका देवीच्या झाडाला लाकडी पाळणे बांधतात, तसलंच हे. खाली बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. चष्मा पर्समध्ये होता. काढला नाही.

तडक कुंदाकडे गेले. "हे बघ. मुलं देणारा देव आहे हा. तू चल."

तिनं मशीन थांबवलं आणि पान हातात घेतलं. "ही टोपडी कोण घालतं यांना?"

"ज्यांचा नवस फळतो त्या आया."

"इतक्या आया येतात?"

"मग! जागृत आहे देव." एका देवाला जागृत करायला मला अर्धं मिनिट पुरलं.

ते पान ती खिडकीशी घेऊन गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं नाव दिलं. वसंत मला जिन्यात भेटला तेव्हा चक्रावलेला होता. "वहिनी, ही कधी मुहर्रकच्या पुलापलीकडे येत नाही. आणि एकदम जपान?" मी नुसती हसले. चाळिशी उलटलेल्या कुंदाची कूस उजवायचा विडा मी उचलला होता, आणि तो तिला न विचारता उचलला होता.

मी तयारीला लागले. खण, हळकुंडं, सुपाऱ्या आणि सांगलीहून आणलेला बोटभर लाकडी पाळणा. नारळ विमानतळावर काढून घेतील म्हणून खोबऱ्याची वाटी मोज्यात दडवली. ही चोरी मी धर्मकार्य म्हणून केली. तांदूळ तिथेच घेतले, जपानी, गोल आणि बुटके.

कामाकुराला आम्हाला नेणाऱ्या गाइड होत्या ओकादाबाई. साठीच्या, पांढरे हातमोजे घातलेल्या, हातात पिवळं निशाण. त्या इंग्रजीत सांगायच्या ते ऐकू यावं म्हणून सगळ्यांच्या कानांत यंत्रं दिली होती. सकाळी एका छोट्या बेटावरच्या देवस्थानात नेलं. तिथली देवी मूळची तुमची सरस्वती, असं त्या म्हणाल्या मात्र, आमच्या बायकांनी तिथेच आरती धरली. सरस्वतीची कुणालाच येईना, तेव्हा गणपतीची म्हटली. मग उघड्यावर बसलेला प्रचंड बुद्ध पाहिला. पूर्वी त्याच्यावर देऊळ होतं, शेकडो वर्षांपूर्वी समुद्र आत आला आणि ते घेऊन गेला, असं ओकादाबाईंनी सांगितलं.

कुंदानं मला ढोसलं. "विचारा त्यांना, परत का नाही बांधलं?"

मी विचारलं. ओकादाबाईंनी मान हलवली. बांधलं गेलं नाही, एवढंच.

"पावसात बसायची सवय झाली असेल त्याला," कुंदा म्हणाली.

दुपारी टेकडीवरच्या देवळात गेलो. वरून खाली समुद्र दिसत होता, राखाडी आणि सपाट. कानातलं यंत्र रुतायला लागलं म्हणून मी ते काढून पर्समध्ये टाकलं, चष्म्याशेजारी. वळण घेतलं आणि समोर ती बाळं. फोटोत दिसली त्याच्या किती पट असतील, मला सांगता येणार नाही. पायऱ्यांच्या कडेनं, भिंतीच्या खोबणीत, झाडांच्या मुळाशी. काहींपुढे खुळखुळे होते, दुधाच्या बाटल्या होत्या, कागदी भिंगऱ्या वाऱ्यावर फिरत होत्या. एवढं बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

"कुंदा, पदर पसर."

तिनं ओढणी पसरली. मी तांदूळ घातले, खोबरं घातलं, खण ठेवला. बाकीच्या बायकांनी कुंकू लावलं. मी तो लाकडी पाळणा तिथल्या कठड्याला दोऱ्यानं बांधला आणि पेढ्यांचं ते वाक्य बोलले. कुंदाची मान खाली होती आणि ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली होती.

ओकादाबाई धावत आल्या. रागावल्या नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "या बाईंचं मूल गेलंय का?"

"छे हो! मूल व्हावं म्हणून करतोय."

त्यांनी निशाण गुंडाळलं. मग म्हणाल्या, "ही न जन्मलेली मुलं आहेत. किंवा जन्मून राहिली नाहीत ती. त्यांना पलीकडे एकट्यानं जाता येत नाही, म्हणून हा देव सोबत करतो. आईबाप त्याच्याजवळ ठेवून जातात."

मी मागच्या बायकांना ते मराठीत सांगितलं. आमच्यातली एक "अगं बाई, अशुभ!" असं म्हणून मागे सरली. दुसरी म्हणाली, हॉटेलवर गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायला हवं. मी ओटीतला खण परत उचलायला गेले. कुंदानं माझं मनगट धरलं.

"राहू दे. त्यांना विचारा, आया येतात इथे?"

"येतात," ओकादाबाई म्हणाल्या.

"आपलं कुठलं, ते कळतं त्यांना? इतक्यांत?"

ओकादाबाईंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाल्या, "ज्यानं ठेवलं, त्याला कळतं."

कुंदानं मान डोलावली. कडेच्या एका बाळाच्या लाळेऱ्याचा बंद तुटून लोंबत होता. तिनं ओढणीची गाठ मारून ओटी कमरेला खोचली, पर्समधून हॉटेलच्या खोलीतली सुईदोऱ्याची पुडी काढली आणि ओकादाबाईंकडे नुसतं पाहिलं. त्यांनी होकार दिला. कुंदा गुडघ्यांवर बसली आणि बंद शिवून दिला. दोरा दातानं तोडला, पण खलास म्हणाली नाही.

परतीच्या बसमध्ये बाकीच्या बायका पुढे बसल्या होत्या, आमच्यापासून जरा लांबच. कुंदा खिडकीकडे बघत बोलली.

"मला मुलगी झाली होती, वहिनी. बहरीनलाच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, आठव्या महिन्यात. सकाळी झाली, दुपारपर्यंत होती."

आपल्याकडे तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात. बायका तिथे जात नाहीत. ती हॉस्पिटलच्या खाटेवर होती. वसंत आणि त्याचा एक मित्र दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले.

"कुठे ठेवली, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणाला, विसर. परत विचारलं तर जेवत्या पानावरून उठला. मग नाही विचारलं."

"अगं, मग मी मघाशी ओटी भरत होते तेव्हा मला थांबवलं का नाहीस?"

"सातव्यात भरायची असते ना. तेव्हा बहरीनला कोण होतं माझं? राहूनच गेली होती."

मी तिचा हात धरला असेन. आठवत नाही. बोलले नक्की नाही, कारण मग काय बोलले ते आठवलं असतं.

बहरीनला परत आल्यावर महिन्याभरात वसंतच्या कंपनीनं काम बंद केलं. त्याचा व्हिसा संपत आला. दोघं कायमची गावी जाणार, हे ठरून गेलं. कुंदा माझ्या घरी आली. पहिल्यांदाच आत आली, आणि भाताचं नाव काढलं नाही. "वहिनी, जायच्या आधी मला जागा बघायची आहे. मी विचारलं तर तो उठून जाईल. तुम्ही विचारा. तुमच्यासमोरून त्याला उठता येणार नाही."

मी नईमला गेले. बांधाबांध चालली होती. मशीन विकून टाकलं होतं, त्याच्या जागी फरशीवर तेलाचा डाग होता. कुंदा आत स्वयंपाकघरात. मी वसंतला सरळ विचारलं. माझ्यात चांगला म्हणावा असा हा एक गुण आहे.

वसंतनं बराच वेळ पंजे गुडघ्यांवर घासले. "वहिनी, मी आत गेलोच नाही. स्मशानाच्या गेटपर्यंत गेलो. पुढं पायच उचलेनात. तिथंच खाली बसलो. इस्माईल घेऊन गेला तिला." मग स्वयंपाकघराकडे न बघता म्हणाला, "हिला काय सांगू? मलाच ठाऊक नाही."

इतकी वर्षं ती समजत होती, त्याला माहीत आहे आणि तो सांगत नाही.

कुंदा दारात आली. पदराला हात पुसत होती. मला वाटलं, आता ही काहीतरी फेकून मारणार. ती म्हणाली, "भात झालाय. जेवून घ्या." पानं वाढली. वसंतनं हात धुतला आणि पानासमोर बसून राहिला. ती शेवटपर्यंत जेवली.

इस्माईलभाई रत्नागिरीचे, वसंतच्या कंपनीत ड्रायव्हर होते. केव्हाच गावी परतलेले. त्यांना व्हिडिओ कॉल लावला. म्हातारे झाले होते. प्रश्न ऐकला आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"भाभी, मागची भिंत, तिच्या आत एक बाभळीचं झाड, झाडाच्या डाव्या हाताला. मीच खणलं. वर दगड ठेवला." हातातली टोपी फिरवत म्हणाले, "तुमच्यात काय पढतात ते मला येत नव्हतं. मी आमचं पढलो. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. माफी द्या."

"बरं केलंत," कुंदा म्हणाली. "कुणीतरी काहीतरी पढलं."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. माझ्या मुलाची गाडी मी चालवली. आपल्या लोकांचं ते स्मशान शहराच्या कडेला आहे. गेटपाशी वसंत उतरला, दोन पावलं चालला आणि कट्ट्यावर बसला. कुंदानं त्याला हाक मारली नाही.

आत बाभूळ नव्हती. मागची भिंत नवी होती, सिमेंटची, आणि पलीकडे सरकलेली. तिच्या आतली सगळी पट्टी सपाट करून वर बारीक खडी पसरलेली होती. राखणदार बिहारचा होता. त्यानं हात पसरले. "पुराना सब निकाल दिया, माताजी. पेड मफी, पत्थर मफी. हमारे आने से पहले का है." मफी म्हणजे तिथल्या बोलीत नाही.

मी त्याच्याशी भांडायला लागले. कुणी परवानगी दिली, कुणाला विचारलं, तुमचा साहेब कोण, नंबर द्या. तो बिचारा हात जोडून उभा. माझा आवाज भिंतीवर आपटून मलाच ऐकू येत होता.

कुंदा पट्टीच्या एका टोकापासून चालायला लागली. दुसऱ्या टोकापर्यंत गेली, जरा सरकून परत आली, पुन्हा गेली. शेतात नांगर फिरतो तशी. कुठलीच जागा सुटू नये अशी. ऊन चढलं. मी सावलीला गेले, ती गेली नाही. सगळी पट्टी चालून झाली तेव्हा ती मधेच कुठेतरी बसली आणि तळहात खडीवर टेकवला. खडी तापलेली होती. हात तिनं उचलला नाही. गाडीत बसताना पाहिलं तर तळवा लालबुंद झालेला.

बाहेर वसंत तसाच बसला होता. ती त्याच्या समोर उभी राहिली. "चल," म्हणाली. तो उठेना, तेव्हा तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

कुंदा आता नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दापोलीला गेली. वसंतचा फोन आला. तिला जाळली, तेव्हा तो आत गेला होता, एवढं त्यानं आपणहून सांगितलं.

मला ती दिसते ती बहरीनच्या विमानतळावर. वसंत सामानाच्या रांगेत पुढे. ती नव्या चपला घालून, पर्स पोटाशी धरून उभी, आणि मी नेहमीसारखी बोलत सुटलेली. फोन कर, औषधं घे, नवं मशीन घे, गावात शिवायला लाग, आणि काय काय. रांग पुढे सरकली. ती दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"वहिनी, तुम्ही अजून इथेच आहात ना? मग एखाद्या शुक्रवारी तिकडे जाऊन या. काही नेऊ नका, नुसतं उभं राहा. आणि तिथे तुमची बडबड करू नका. तान्ही आहे ती, दचकेल."